बिनकाट्याचा निवडुंग आणि पठारावरची शेळी

निवडुंगाला आपल्याकडे कुणी इज्जत दिलेली नाही. दारात तो लावायचा नसतो. रुक्ष माणसाला आपण निवडुंगाची उपमा देतो आणि कथा-कादंबरीत तो उगवला की पुढे काहीतरी वाईट घडणार हे वाचकाला कळते. (मीही तो त्याच कामाला लावला आहे.) त्याच्या वाट्याला आलेला मोठा मान एकच. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात याच देवळात मुक्कामाला असते. विठोबाने निवडुंगाचे नाव घेतले, बाकी कुणी घेतले नाही.

अशा या झाडाला जनावराच्या गव्हाणीत जागा द्यावी, असे मला वाटते. तेही सगळीकडे नव्हे. ज्या भागात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली त्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, आणि तेही आधी शेळीसाठी.

जुन्नर-आंबेगाव म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर नाणेघाट, शिवनेरी, भीमाशंकरचे धुके येते. नाहीतर नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा, द्राक्षांचे मळे आणि उसात लपलेला बिबट्या. हे सगळे खरेच आहे. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज, डिंभे अशी धरणे या दोन तालुक्यांत आहेत. पण नारायणगावहून पूर्वेला बेल्ह्याकडे निघा आणि पुढे आण्याचा घाट चढा. वाटेत गुळुंचवाडीला तो निसर्गाने कोरलेला दगडी पूल आहे, तो बघायला लोक थांबतात आणि तिथूनच परततात. वर गेले तर आणे पठार लागते. आणे, नळावणे, पेमदरा, शिंदेवाडी. इथे पाचशे मिलिमीटर पावसाची मारामार. कुकडीचे पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, थेट करमाळ्यापर्यंत जाते. पठार उंचावर, कालवा खाली. आपल्याच तालुक्यातल्या धरणाचे पाणी आपल्या पायाखालून दुसऱ्याच्या शेतात जाताना बघायचे, हा पठाराचा जुना अनुभव आहे. आंबेगावात हीच गत लोणी-धामणीकडच्या गावांची. जानेवारीत पौष पौर्णिमेच्या सुमाराला आण्याला रंगदास स्वामींच्या यात्रेत कढयांनी आमटी शिजते, हजारो माणसे आमटी-भाकरी खाऊन जातात. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत त्याच गावांना टँकरची वाट बघावी लागते.

यात सरासरी नावाची एक गोष्ट फार घात करते. तालुक्याचा पाऊस मोजायचा तो सगळ्यांचा मिळून. पश्चिमेला आभाळ फाटलेले आणि पूर्वेला कोरडे, या दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की तालुका कागदावर हिरवा दिसतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुणे जिल्ह्यातले शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदर त्यात होते. जुन्नर आणि आंबेगाव नव्हते. पुढे महसूल मंडळांची वेगळी यादी काढावी लागली, ती याच अडचणीपायी. माणसाचे एक पाऊल बर्फात आणि एक निखाऱ्यावर असेल तर सरासरीने तो सुखात असतो, असा विनोद आम्ही बँकेत करत असू. पठारावरच्या शेतकऱ्याला तो विनोद वाटणार नाही.

दुष्काळाची पहिली चाहूल लागते ती बाजारात. बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी जुना आणि नावाजलेला. चांगल्या वर्षी तिथे बैलाची शिंगे रंगवून, दात दाखवून, उपरण्याखाली बोटे दाबून सौदे होतात. वाईट वर्षी फेब्रुवारीतच दावण मोकळी करायला माणसे येतात आणि भाव पडतो. विकणारे सगळे, घेणारा कोण? २०१५ पासून राज्यात गाईप्रमाणे बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्या कायद्याचा वाद मला इथे घालायचा नाही. मुद्दा इतकाच, की विकल्या न जाणाऱ्या जनावरालाही रोज सकाळी वैरण लागते. मग कुणी उसाचे वाढे विकत आणतो. खाली बागायती पट्ट्यात कारखान्याची तोड चालू असते तोवर वाढे मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये तोड संपली की तेही बंद. आणि पावसाळा तर जूनच्या मध्याला, आला तर. हे मधले शंभर दिवस म्हणजे पठारावरच्या जनावराचे खरे वर्ष. बाकीचे नऊ महिने ते कसेही निभावते.

शेळीचे त्याहून वेगळे आहे. चारा छावणी म्हटली की ती गाई-म्हशींची. शेळी-मेंढीचा विचार होतो तो शेवटी शेवटी. शेळीचे काय, ती कुठेही चरते, असा आपला समज. पण मे महिन्यात बाभळीच्या शेंगाही संपलेल्या असतात, बोरीचा पाला झडलेला असतो, आणि माळावर कुसळांखेरीज काही नसते. गाभण शेळी त्या दिवसांत खंगते आणि करडू जन्मते ते मुठीएवढे.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या दिवसांत मी शेळ्यांची कर्जे वाटली आहेत. दहा शेळ्या, एक बोकड, असे ते युनिट असे. आज नव्या पिढीला या कार्यक्रमाचे नावही माहीत नसेल. १९९९ मध्ये तो दुसऱ्या योजनेत विलीन झाला. शेळीच्या कानात विम्याचा बिल्ला ठोकायचा आणि शेळी मेली तर बिल्ला पुरावा म्हणून आणून द्यायचा, असा नियम होता. एका उन्हाळ्यात एक बाई पदराच्या गाठीत चार बिल्ले बांधून माझ्या टेबलाशी आली. एकेक बिल्ला काढून ठेवताना ती प्रत्येक शेळीचे नाव सांगत होती. फॉर्ममध्ये नावाला रकाना नव्हता. कर्ज तिच्या नवऱ्याच्या नावावर, सही त्याची, शेळ्या मात्र तिच्या. हा त्या काळी सार्वत्रिक प्रकार होता. त्या अर्जांच्या गठ्ठ्यात शेळीची किंमत होती, विम्याचा हप्ता होता, औषधपाण्याची तरतूद होती. ती मे महिन्यात काय खाणार, हे विचारणारा रकाना नव्हता. वरिष्ठांना एकदा तसे लिहून कळवले, तर उत्तर आले की चाराटंचाई हा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. मला वाटते, कुणाच्याच कक्षेत तो येत नव्हता.

आता निवडुंगाकडे वळू.

निवडुंग म्हणजे नेमका कुठला, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे एकाच नावाखाली बरीच मंडळी नांदतात. त्रिधारी निवडुंग, वईचा निवडुंग, शेर ही सगळी चिकाची झाडे. मोडले की पांढरा चीक गळतो, डोळ्यात गेला तर आग होते. जनावराच्या तोंडाशी ही नेऊ नयेत. मी बोलतो आहे ते फड्या निवडुंगाच्या कुळाबद्दल, ज्याला लालचुटूक बोंडे येतात आणि ती खाऊन पोरे जीभ रंगवून घेतात, वर ओठात शिरलेली बारीक कुसळे आठवडाभर काढत बसतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड बसला आहे तो याच्यावर. तिकडे कोवळ्या पानांची भाजी करतात. याच कुळात एक जात आहे, तिला मोठे काटे जवळजवळ नसतात. आकाराने हाताच्या दोन पंज्यांएवढी मांसल पाने. शास्त्रज्ञ म्हणतात ती पाने नव्हेत, खोडेच आहेत; शेळी हा भेद मानत नाही.

या झाडाची करामत रात्री चालते. ज्वारी, मका, गवत ही सगळी झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडी ठेवतात, हवा आत घेतात, आणि त्याच वाटेने पाणी उडून जाते. निवडुंग दिवसभर दारे लावून बसतो आणि रात्री गारव्यात उघडतो. त्यामुळे तेवढाच कोरडा चारा तयार करायला त्याला ज्वारी-मक्यापेक्षाही कितीतरी कमी पाणी लागते. मुरमाड, दगड-गोट्यांची जमीन त्याला चालते. पाणी साठलेले मात्र अजिबात चालत नाही, मुळे कुजतात. तेव्हा भीमाशंकरकडच्या मंडळींनी या लेखावरून बोध घेऊ नये.

त्याच्या पानात शंभरातले पंचाऐंशी ते नव्वद भाग पाणी असते. टीकाकार म्हणतात, मग त्यात खायला आहे काय? हा प्रश्न बागायतदाराचा आहे. पठारावर मे महिन्यात जनावराला चाऱ्याइतकीच तहान छळते आणि टँकरच्या रांगेत माणसांच्या हंड्यांमागे जनावराची बादली असते. वीस किलो निवडुंग खाल्लेल्या गाईच्या पोटात सतरा-अठरा लिटर पाणी आपसूक गेलेले असते. रसदार निवडुंग भरपूर मिळाला तर मेंढ्या दिवसेंदिवस पाण्याला तोंड लावत नाहीत, हे आफ्रिकेतल्या प्रयोगांत दिसून आले आहे. हंडाभर पाणी वाचणे म्हणजे काय, ते तीन किलोमीटरवरून हंडा आणणाऱ्या बाईला विचारावे.

पण निवडुंग हे पूर्ण अन्न नव्हे, आणि इथेच त्याचा प्रचार करणारे थोडे हात राखून बोलतात. त्यात साखरेसारखी लवकर पचणारी शक्ती पुष्कळ, चुनाही पुष्कळ. प्रथिने मात्र कोरड्या वजनाच्या जेमतेम चार-सहा टक्के, स्फुरद कमी आणि धागा तर फारच कमी. नुसता निवडुंग घातला तर जनावराला ढाळ लागते. शेण पातळ होते, मालक घाबरतो, आणि झाड गावात बदनाम होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटाला काहीतरी खरखरीत लागतेच. म्हणून कडबा, वाळले गवत, तुरीचे भुसकट यांच्याबरोबर तो कापून द्यायचा. आणि जमेल तिथे शेवरीचा, सुबाभळीचा पाला किंवा मूठभर पेंड, म्हणजे प्रथिनांची तूट भरते. नाहीतरी उन्हाळ्यात आपल्याकडे उरतो तो कोरडा, लाकडासारखा कडबाच. त्याला ओल नाही आणि याला धागा नाही. दोघांचे जमते.

निवडुंग जनावराला घालणे ही काही नवी कल्पना नव्हे. इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळांत मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने काटेरी निवडुंग जाळून, चिरून गुरांना घालण्याचे प्रयोग केले होते. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. रेशनवरची लाल मिलो, खडी फोडायचे काम आणि सुकडीचा वास या गोष्टी त्या पिढीतला कुणी विसरलेला नाही. त्यात मला आठवते ते काट्याच्या फांदीला निवडुंगाचे पान टोचून जाळावर धरणारे म्हातारे. काटे तडतड जळत, पान शिजल्यासारखे होई, आणि शेळ्या अगदी चुलीशी येऊन उभ्या राहत. अमेरिकेत टेक्साससारख्या भागातले गुराखी दुष्काळात हेच करतात, त्यांच्याकडे त्यासाठी गॅसच्या बत्त्या आहेत. बिनकाट्याच्या जातीने हा जाळ तेवढा वाचवला. ब्राझीलच्या ईशान्येला, आपल्या माणदेशासारखाच जो कोरडा मुलूख आहे, तिथे पाच लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर निवडुंग लावलेला आहे आणि तिथला दूधधंदा त्याच्यावर उभा आहे. ट्युनिशियात मेंढपाळांच्या भागात सरकारने तो लावून घेतला. आपल्याकडेही फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने आणि आपल्याच जिल्ह्यातल्या उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने त्यावर काम केले आहे; झाशीची चारा संशोधन संस्था आणि जोधपूरची काझरी यांनीही. मग इतके असून आणे पठाराच्या बांधावर तो दिसत का नाही?

एक कारण मला स्पष्ट दिसते. आपल्याकडे साधी गोष्ट साधेपणाने येत नाही, ती चमत्कार म्हणून येते. १९८० च्या दशकात सुबाभूळ आली. चारा, सरपण, लाकूड, खत, सगळे तीच देणार होती. झाड चांगलेच होते, आहे. पण ते 'कल्पवृक्ष' म्हणून विकले गेले. त्या दशकाच्या अखेरीस तिच्यावर परदेशातून आलेली एक बारीक कीड पडली, शेंड्यांचा कोळसा झाला, आणि लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. मग २००३ नंतर मोगली एरंडाचे दिवस आले. पडीक जमिनीवर डिझेल पिकणार होते. त्या बियांचे हिशेब मी वाचले आहेत. त्यात पाऊसही वेळेवर पडत होता आणि गिऱ्हाईकही वेळेवर येत होते. त्याच सुमारास इमू नावाचा लांब मानेचा पक्षी आला. त्याची अंडी, तेल, कातडी, पिसे सगळ्याला म्हणे बाजार होता. २०१२ च्या आसपास तो डोलारा कोसळला तेव्हा लोकांनी पक्षी चक्क मोकळे सोडून दिले. खायला कोण घालणार?

निवडुंगाचाही असा एक फुगा पूर्वी फुगून फुटलेला आहे. अमेरिकेत ल्यूथर बरबँक नावाचा नामांकित फळबागतज्ज्ञ होता. १९०७ च्या सुमारास त्याने बिनकाट्याच्या निवडुंगाची जाहिरात केली, की वाळवंटे आता कुरणे होणार. लोकांनी चढ्या दराने पाने घेतली, सट्टा झाला. मग कळले, की बिनकाट्याच्या झाडाला कुंपण लागते, कारण ते दिसेल त्या जनावराला आवडते. आणि अगदीच पाऊस नसेल तर तेही वाढत नाही. पुष्कळांचे हात पोळले.

२०२२ मध्ये केंद्र सरकारच्या भूमिसंसाधन विभागाने निवडुंग मनावर घेतला. पाणलोट कार्यक्रमातून पडीक जमिनींवर तो लावावा, त्यातून चारा तर मिळेलच, शिवाय जैविक वायू, खत आणि चामड्याला पर्यायही मिळेल, असे सांगितले गेले. मध्य प्रदेशात सिहोरजवळ अमलाहा येथील आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राच्या शेतावर त्याचे प्रयोग आहेत. हेतू चांगलाच आहे. पण चामडे आणि वायू हे शब्द ऐकले की माझ्यातला निवृत्त बँकवाला जागा होतो. वायूचा प्रकल्प यायचा तर शेकडो एकर सलग लागवड हवी, रोज ट्रकभर माल हवा, भाव बांधून देणारा कारखानदार हवा. यातले काहीच पठारावर नाही. शेळी मात्र आहे, रोज दारात उभी आहे आणि तिला भाव बांधून द्यावा लागत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की निवडुंगाला पीक म्हणू नये, कर्ज देऊ नये आणि एकरी उत्पन्नाचे आकडे छापू नयेत. पीककर्जाच्या दरपत्रकात त्याचे नाव नाही याचे मला दुःख नाही. तो बांधावर असावा, घराच्या मागे असावा, आणि बऱ्या वर्षी त्याच्याकडे कुणी बघितले नाही तरी चालावे. कडब्याची गंजी एका पावसाळ्यात काळी पडते. हा हिरव्या चाऱ्याचा साठा मात्र जिवंत असतो, जागेवर असतो, आणि तोडला नाही तर वाढत राहतो.

हिशेब अगदी साधा आहे. एका शेळीला रोज तीन किलो निवडुंग धरू. त्यातून तिला पाणी मिळेल अडीच लिटरांवर आणि कोरडा चारा तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा. दहा शेळ्यांना रोज तीस किलो. मघा म्हटलेल्या शंभर दिवसांना तीन टन. तीन वर्षांच्या झाडाकडून आपण हात आखडता धरून वर्षाला दहाच किलो मागितले, तर तीनशे झाडे झाली. मीटरला एक लावले तर दीड एकराच्या चौकोनी तुकड्याचा चारी बाजूंचा बांध पुरतो. बी विकत घ्यायला नको. एक पान म्हणजे एक रोप. कापलेले पान सावलीत दहा-पंधरा दिवस पडू द्यायचे, कापलेला भाग सुकून खपली धरली की अर्धे मातीत रोवायचे. ओले रोवले तर कुजते. एवढेच त्याचे शेतीशास्त्र. २०१९ च्या उन्हाळ्यात छावणीत मोठ्या जनावरामागे सरकार दिवसाला शंभर रुपयांपर्यंत मोजत होते. त्यातले अगदी थोडे पैसे आधीच्या चांगल्या वर्षी पाने वाटण्यात गेले असते तर, असे मनात येते. पण दुष्काळ नसताना दुष्काळावर खर्च करायला आपल्याकडे शीर्ष नसते, ते दुष्काळ पडल्यावर उघडते.

अडचणी पुष्कळ आहेत, आणि त्या झाकून ठेवायच्या नाहीत. पहिली म्हणजे बांध. बांध कोणाचा, हा प्रश्न सोडवताना आपल्या तालुका कोर्टांची तीन-तीन पिढ्यांची उमेद गेली. बांधाच्या मधोमध निवडुंग लावला तर शेजारी पान कापणारच आणि कापले नाही तरी मोजणी मागणारच. लावायचा तो बांधाच्या आत, आपल्या हद्दीत, हातभर सोडून.

दुसरी अडचण कीड. ही कथा मोठी गमतीची आहे. लाल रंग देणारा कोचिनील नावाचा किडा निवडुंगावर वाढतो. त्या रंगाचा मक्ता स्पेनकडे होता. तो मोडावा म्हणून १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी ब्राझीलमधून तो किडा कलकत्त्याला आणला. आणला तो चुकीच्या जातीचा. त्याचा रंग निकृष्ट निघाला, पण त्याने एका जातीचा निवडुंग मुलुखातून फस्त करून टाकला. पुढे १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्याचा दुसरा भाऊबंद मुद्दाम आणून दक्षिणेत सोडला, तेव्हा फड्या निवडुंगाची रानेच्या राने गेली. निवडुंग तण म्हणून माजला होता आणि त्या काळी तो मारायचा होता. ऑस्ट्रेलियात तर त्याने कोट्यवधी एकर जमीन गिळली होती. तिथे १९२६ पासून सोडलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ती मोकळी केली आणि कृतज्ञ लोकांनी त्या किड्याच्या नावाने सभागृह बांधले. आता उलट भीती आहे. मोरोक्कोत २०१४ मध्ये हा कोचिनील शिरला आणि गावोगावचा निवडुंग वाळला. ब्राझीलमध्येही त्याने मोठी लागवड बुडवली, तेव्हा कीड न लागणारी जात शोधावी लागली. आपण सगळीकडे एकाच झाडाची पाने लावत गेलो तर तीच पाळी आपल्यावर येईल. दोन-तीन जाती मिसळून लावाव्यात, पांढरा कापूस चिकटल्यासारखे दिसले की ते पान तोडून जाळावे. आणि बोंडांच्या बियांतून उगवलेली रोपे काटेरी निघू शकतात, ती उपटावीत.

परदेशी झाड म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. त्यांना मी सातगाव पठारावरचा बटाटा दाखवतो. नारायणगावचा टोमॅटो, आपली मिरची, मका, भुईमूग ही सगळी निवडुंगाच्याच गावची मंडळी आहेत. जुन्नरजवळ हिवऱ्याला एकोणिसाव्या शतकात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली सरकारी वनस्पतिबाग होती. नवे झाड येथे लावून बघण्याची रीत या तालुक्याला दीडशे वर्षांहून जुनी आहे.

खरी अडचण शेवटची आहे, आणि ती बरबँकच्या गिऱ्हाइकांना आली तीच. काटा नसलेले झाड स्वतःला वाचवू शकत नाही. पहिली दोन वर्षे ते पोराइतके जपावे लागते. मोकाट गुरे, ससे, मेंढरांचे वाडे, आणि सगळ्यांत आधी आपलीच शेळी. एका दुपारी दावे सुटले की वर्षाची लागवड साफ. तारेचे कुंपण तीनशे झाडांना परवडणार नाही. नळावण्याच्या वाटेवर एका म्हाताऱ्या गृहस्थांशी मी हे बोलत होतो, तर ते म्हणाले, "साहेब, त्यात काय एवढं? भायेर आपला जुना काट्याचा लावायचा, आन् आत तुमचा." त्यांच्या वाडग्याला अजून जुन्या फड्या निवडुंगाची वई होती, छातीएवढी उंच. तिच्या आतल्या बाजूला दोन हात जागा मोकळी होती. किती पाने लागतील, म्हणून आम्ही पावले टाकून ती मोजली, चाळीस भरली.